एका जोडीचा अपुरा हिशेब

दरवर्षीं जून महिना उजाडला कीं महाविद्यालयाच्या अध्यापक-कक्षांत एक तक्रार हटकून ऐकूं येते. नव्यानें आलेल्या विद्यार्थ्यांना उत्तरें पुष्कळ येतात, प्रश्न मात्र एकही पडत नाहीं. प्रकाशाच्या वेगाचा आंकडा ते घडघडा सांगतात. पण समोरच्या टेबलाची लांबी तिघांनीं मोजली असतां तीन निरनिराळीं मापें कां आलीं असें विचारलें तर गोंधळून जातात, आणि तिघांपैकीं दोघे आपलें माप खोडून तिसऱ्यासारखें करून घेतात. मग आम्ही प्राध्यापक माध्यमिक शाळेस बोल लावतों. माध्यमिक शाळा प्राथमिक शाळेकडे बोट दाखविते. आणि प्राथमिक शाळेच्या मास्तरांस बोट दाखवावयास कोणी उरतच नाहीं. या तक्रारींत आमचाही आवाज तीस वर्षें मिसळलेला आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

परंतु तक्रार करीत बसण्याऐवजीं विद्यापीठ स्वतःच उठून शाळेंत गेलें तर काय होईल? ही केवळ कल्पना नाहीं. गेल्या पन्नाससाठ वर्षांत ती निदान दोनदां मोठ्या प्रमाणावर अमलांत आली: एकदां आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशांत, १९७२ ते २००२ या काळांत, आणि एकदां अमेरिकेंत, १९९९ पासून पुढें सुमारें एक तपभर. दोन्हीकडे शाळेंतील विज्ञानशिक्षक आणि विद्यापीठांतील विज्ञानाचा अभ्यासक यांची जोडी जमविण्यांत आली, आणि दोन्हीकडे सरकारच्या एका निर्णयानें ती मोडण्यांत आली. त्या दोन निर्णयांमागचीं कारणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. ती वाचकांपुढें मांडावी एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

मध्यप्रदेशांतील प्रयोगाची पार्श्वभूमि प्रथम पाहूं. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या शिक्षण आयोगानें, पहिल्या दहा इयत्तांत विज्ञान व गणित हे विषय सर्व मुलांस आवश्यक असावेत अशी शिफारस केली. आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंग कोठारी हे पदार्थविज्ञानाचे नामांकित प्राध्यापक, आणि सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडील. शिफारस योग्यच होती. पण ती पाळावयाची कशी? खेड्यांतल्या शाळेंत प्रयोगशाळा नव्हती. पुस्तकांत प्रयोगाचें वर्णन होतें, आकृति होती आणि निष्कर्षही होता. मुलानें तो पाठ करावा एवढेंच काय तें शिल्लक राही. पोहण्याचें पुस्तक तोंडपाठ म्हणवून घेऊन मुलाला पोहतां येतें असा दाखला द्यावा, त्यांतलाच हा प्रकार.

ही उणीव ज्यांना बोचली त्यांत मुंबईचे शास्त्रज्ञ होते. १९७० च्या सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील कांहीं मंडळी महानगरपालिकेच्या शाळांत प्रयोगांच्या द्वारें पदार्थविज्ञान शिकविण्याच्या उद्योगास लागली होती. पुढें १९७४ सालीं त्याच संस्थेंत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघालें, आणि व्ही. जी. कुळकर्णी यांच्या नेतृत्वाखालीं त्याचें काम खानदेशांत खिरोद्याकडील शाळांपर्यंत गेलें. याच टाटा संस्थेंत अनिल सद्‌गोपाल हे रेण्वीय जीवशास्त्राचे अभ्यासक होते. अमेरिकेंतून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या तरुणानें संस्थेंतील जागा सोडली आणि होशंगाबाद जिल्ह्यांत ‘किशोर भारती’ ही संस्था काढली. (२०२२ पासून होशंगाबादचें नांव नर्मदापुरम असें झालें आहे, पण ज्या नांवानें हा कार्यक्रम ओळखला जातो तेंच येथें वापरणें सोयीचें.) होशंगाबाद शहराजवळ रसूलिया येथें क्वेकर पंथीयांनीं स्थापिलेलें फ्रेंड्स रूरल सेंटर होतें. या दोन संस्थांनीं मिळून १९७२ सालीं राज्य सरकारची परवानगी मिळविली आणि जिल्ह्यांतील सोळा मिडल शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान निराळ्या रीतीनें शिकविण्यास प्रारंभ केला. दुसऱ्याच वर्षीं दिल्ली विद्यापीठांतील प्राध्यापकांचा एक गट त्यांना येऊन मिळाला. विद्यापीठ अनुदान आयोगानेंही फेलोशिप देऊन, प्राध्यापकांना आपल्या विद्यापीठीय कर्तव्याचा भाग म्हणूनच खेड्यांतील शाळांत काम करण्याची सोय करून दिली.

शिकविण्याची रीत थोडक्यांत अशी होती. वर्गांतील मुलें चारचारांच्या टोळ्या करून बसत. प्रयोगाचें साहित्य शाळेस पुरविलेलें असे. ‘बाल वैज्ञानिक’ नांवाची पुस्तिका हातीं असे. पण तींत उत्तरें नसत. प्रयोग कसा करावा याच्या सूचना असत आणि मधून मधून प्रश्न असत. मुलांनीं प्रयोग करावा, दिसलें तें वहींत लिहावें, सर्व टोळ्यांचीं निरीक्षणें एकत्र मांडावीं, त्यांवर वाद घालावा, आणि निष्कर्ष आपला आपण काढावा. परीक्षेंतही पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, कारण पुस्तकांत उतरून काढतां येईल असें कांहीं विचारलेंच जात नसे. शिवाय प्रयोगांची परीक्षा वेगळी होई. ‘सवालीराम’ या काल्पनिक गृहस्थाला मुलांनीं हवी ती शंका पत्रानें विचारावी आणि त्याच्या नांवानें उत्तर जावें, अशीही एक गमतीची सोय केलेली होती.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचें आहे तें शिक्षकांचें प्रशिक्षण. उन्हाळ्याच्या सुटींत शिक्षक तीन आठवडे एकत्र येत. तेथें व्याख्यानांचा भडिमार नसे. पुढें मुलें ज्या टोळ्यांनीं बसावयाचीं त्याच टोळ्यांनीं शिक्षक बसत, तेच प्रयोग करीत आणि त्याच प्रश्नांवर डोकें खाजवीत. त्यांच्या बरोबरीनें विद्यापीठांतील व संशोधनसंस्थांतील माणसें बसत: कोणी मुरलेला प्राध्यापक, तर कोणी नुकताच संशोधनास लागलेला विद्यार्थी. शाळा सुरू झाल्या म्हणजे हीं माणसें अधूनमधून खेड्यांत जाऊन वर्गांत शिक्षकाबरोबर उभीं राहत. दर महिन्यास शिक्षकांची बैठक भरे. कोणता प्रयोग फसला, कोणता प्रश्न मुलांना उमगला नाहीं, याची तींत चर्चा होई, आणि तिच्या आधारें पुस्तिका सुधारली जाई. ज्या पुस्तकावरून शिकवावयाचें तें बदलण्यांत खेड्यांतील मास्तरांचा शब्द चालावा ही गोष्ट किती अपूर्व होती, हें ज्याचा शिक्षणखात्याशीं संबंध आला असेल त्याला सांगावयास नको.

विद्वान मंडळी शिकवावयास गेलीं होतीं खरीं. पण हळूहळू तीं शिकूं लागलीं. फुलाचे भाग सोडवून पाहावयाचे तर प्रयोगशाळेंत त्यासाठीं खास सुई असते. खेड्यांत ती कोठून आणावी, आणि हरवल्यावर पुन्हां कोठून मिळवावी? बाभळीचा कांटा घ्यावा, हें उत्तर कोणत्याही उपकरणांच्या यादींत नव्हतें. बाभूळ मात्र बांधावर उभीच होती. मापनाच्या पाठांतही असाच अनुभव आला. एकच लांबी दहाजणांनीं मोजली कीं दहा मापें थोडीथोडी निराळीं येतात. पुस्तकी शिक्षणांत त्यांतील नऊ चूक ठरतात. येथें त्या घटबढीलाच पाठाचा विषय करण्यांत आलें, आणि खरें माप म्हणजे काय हा प्रश्न मुलांपुढें उघडा ठेवण्यांत आला. आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना जें कळत नाहीं म्हणून आम्ही कुरकुरतों, तें तेथें सहावीसातवींतल्या मुलांच्या हातांत होतें.

याहून अवघड कसोटी अणूच्या धड्यानें लावली. अणुरेणूंवांचून आधुनिक विज्ञानाचें पान हलत नाहीं. पण बारातेरा वर्षांच्या मुलाला अणु आहे हें कोणत्या प्रयोगानें पटवावयाचें? त्यानें तें केवळ आपल्या शब्दावर मानावें असें म्हटलें तर साऱ्या रीतीलाच हरताळ फांसला जातो. पुष्कळ विचारांतीं हा धडा या इयत्तांतून वगळण्यांत आला. उलट, संयोग आणि संभाव्यता हा विषय आपण एरव्हीं वरच्या इयत्तांसाठीं राखून ठेवतों. तो मात्र नाणीं उडवून आणि फांसे टाकून मुलांना हाताळतां येतो असें दिसून आलें, म्हणून तो घेतला गेला. काय सोपें आणि काय अवघड, याविषयींची विद्यापीठाची समजूत शाळेच्या फळ्यापुढें अशी उलटीपालटी झाली.

एका माणसाचें उदाहरण येथें देण्यासारखें आहे. कानपूरच्या तंत्रशास्त्र संस्थेंतून बाहेर पडलेले अरविंद गुप्ता हे पुण्यास टेल्को कारखान्यांत अभियंते होते. १९७८ सालीं त्यांनीं वर्षाची रजा घेतली आणि तिच्यांतील कांहीं महिने होशंगाबादच्या या कार्यक्रमांत घालविले. तेथल्या आठवड्याच्या बाजारांत मिळणारी सायकलच्या व्हाल्वची रबरी नळी आणि आगपेटींतल्या काड्या एवढ्या साहित्यांतून त्यांनीं त्रिकोण, चौकोन, घन आणि रेणूंच्या आकृति उभ्या केल्या. ट्रक बनविणारा हा माणूस पुढें जन्मभर मुलांसाठीं टाकाऊ वस्तूंचीं वैज्ञानिक खेळणीं बनवीत राहिला. पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुलांच्या विज्ञानकेंद्रांत त्यानें वर्षानुवर्षें काम केलें. होशंगाबादला त्यानें काय दिलें हें सर्वांस ठाऊक आहे. होशंगाबादनें त्याला काय दिलें, याची नोंद मात्र कोणत्याही सरकारी तक्त्यांत सांपडावयाची नाहीं.

१९७८ सालीं हा कार्यक्रम जिल्ह्यांतील सर्व मिडल शाळांत पसरला. १९८२ सालीं त्याची धुरा वाहण्यासाठीं ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. शतकाच्या अखेरीस पंधराएक जिल्ह्यांतील सुमारें एक हजार शाळा आणि लाखभर मुलें त्याच्या कक्षेंत आलीं होतीं. या विस्तारांत एक बदल विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे: आरंभीं जे शिक्षक प्रशिक्षण घेत होते त्यांतलेच पुष्कळजण पुढें इतरांना प्रशिक्षण देऊं लागले.

२००२ च्या जुलैंत मध्यप्रदेश सरकारनें हा कार्यक्रम बंद केला. तक्रार उठली ती जिल्हा नियोजन समितींतून. या निराळ्या विज्ञानामुळें जिल्ह्यांतील मुलें पुढच्या बोर्डाच्या परीक्षेंत मागें पडतात, असा तिचा आशय होता. आणि साऱ्या राज्यांत एकच पुस्तक असावें हाही मुद्दा होताच. देशांतील अनेक शास्त्रज्ञांनीं व शिक्षणतज्ज्ञांनीं निषेध नोंदविला; उपयोग झाला नाहीं. तक्रार करणारांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या शेतकऱ्याच्या घरांतून दारिद्र्याबाहेर पडावयास बोर्डाच्या परीक्षेची एवढी एकच फट आहे, त्यानें गुणांची चिंता करूं नये तर काय करावें? आठवीपर्यंत मुलाला प्रश्न विचारावयास शिकवावें आणि नववीपासून तेंच पाठांतर त्याच्यापुढें ठेवावें, ही विसंगति खरीच होती. पण ती मिटविण्याचे दोन मार्ग होते: वरचे वर्ग सुधारावे, किंवा खालचे पूर्ववत् करावे. सरकारनें दुसरा मार्ग पत्करला.

आतां दुसऱ्या प्रयोगाकडे वळूं. होशंगाबादेंतील वर्ग बंद झाले त्या वेळीं अमेरिकेंत अशाच एका जोडीस तीन वर्षें होत आलीं होतीं. त्या दोहोंचें कांहीं नातें होतें असें आम्ही म्हणत नाहीं; एकच गरज दोन निराळ्या देशांत उमटली, इतकेंच. अमेरिकेंतील नॅशनल सायन्स फाउंडेशन ही संशोधनास द्रव्य पुरविणारी सरकारी संस्था. तिनें १९९९ सालीं विज्ञान, गणित व अभियांत्रिकी या विषयांत संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीं एक फेलोशिप काढली, ‘जी. के.-१२’ या संक्षिप्त नांवानें ती ओळखली जाई, कारण बालवर्गापासून बारावीपर्यंतच्या शाळेशीं तिचा संबंध होता. संस्थेच्या तेव्हांच्या संचालिका रिटा कॉलवेल यांचा तिला मोठा पाठिंबा होता. जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळल्यास पटकीला आळा बसतो, हें बांगला देशांतील खेड्यांत दाखवून देणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ त्या याच.

फेलोनें आठवड्यास सुमारें दहा तास एका शाळेंत, एका नेमलेल्या शिक्षकाबरोबर घालवावे आणि पांचएक तास त्याच्या तयारीस द्यावे. उरलेल्या वेळांत आपलें संशोधन चालवावें, अशी अट असे. त्याबद्दल त्याला पुढें पुढें वर्षास तीस हजार डॉलरपर्यंत वेतन मिळूं लागलें. शिकतां शिकतां शिकविणारा फेलो मराठी माणसास अपरिचित नाहीं. पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधींतून निघालेली दक्षिणा फेलोशिप मिळवून रानडे आणि भांडारकर यांनीं असेंच अध्ययन-अध्यापन एकत्र केलें होतें. फरक एवढाच कीं दक्षिणा फेलो महाविद्यालयाच्या आंत राहून शिकवीत असे. अमेरिकेंतील फेलोला भिंतीबाहेर पडावें लागे. नदींतील प्रदूषण किंवा एखाद्या कीटकाचें जीवनचक्र हा ज्याच्या प्रबंधाचा विषय, त्याला तो सातवींतल्या मुलीला दहा मिनिटांत समजेल असा सांगावा लागे. आणि वर्गांत गोंगाट झाला म्हणजे काय करावें, हें शेजारीं उभ्या असलेल्या शिक्षिकेकडून शिकावें लागे.

२०११ च्या फेब्रुवारींत पुढील वर्षाचें अंदाजपत्रक मांडलें गेलें, त्यांत ही योजना संपविण्याचा प्रस्ताव होता. फेलोंचें संभाषणकौशल्य व अध्यापनकौशल्य वाढतें, पण या व्यवस्थेंत त्यांना संशोधनाचा सखोल अनुभव घेण्यास वाव राहत नाहीं, असा कारणांचा रोख होता. दैवाची मौज अशी कीं त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत डेव्हिड फेल्डन व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. तीन विद्यापीठांतील पंचाण्णव नवशिक्या संशोधक विद्यार्थ्यांनीं वर्षाच्या आरंभीं व अखेरीस लिहिलेलीं संशोधनाचीं टिपणें त्यांनीं ताडून पाहिलीं होतीं. हे विद्यार्थी सगळे याच फेलोशिपचे होते असें नव्हे. पण जे केवळ संशोधन करीत होते त्यांच्याहून, जे संशोधनाबरोबर शिकवीतही होते, त्यांची तपासतां येण्यासारखें गृहीतक मांडण्याची आणि प्रयोगाची नीट आंखणी करण्याची शक्ति अधिक वाढलेली आढळली. वर्गांतील तास संशोधनांतून वजा होतात अशी जी समजूत होती तिला या निबंधानें धक्का दिला. योजना मात्र संपावयाची ती संपली.

आम्हीं प्रारंभीं ज्या चमत्कारिक गोष्टीचा उल्लेख केला ती आतां वाचकांच्या ध्यानांत आली असेल. होशंगाबादेंत प्रश्न विचारला गेला तो शाळेंतील मुलांविषयीं: त्यांचे गुण वाढले काय? त्या वर्गांत उभें राहून विद्यापीठ काय शिकलें, हें कोणीं विचारलें नाहीं. अमेरिकेंत प्रश्न विचारला गेला तो संशोधकाविषयीं: त्याचें संशोधन वाढलें काय? त्याच्या येण्यानें शाळेंतील मुलामुलींच्या मनांत काय जागें झालें, ही बाब निकाल देतांना मागें पडली. एकीकडे खात्याचें डावें पान फाडलें, दुसरीकडे उजवें. आणि दोन्हीकडे उरलेल्या अर्ध्या हिशेबावरून दिवाळें जाहीर केलें. जोडीचा हिशेब दोन्ही पानें मिळूनच मांडावा लागतो, ही साधी व्यापारी गोष्ट दोन सरकारांस सुचली नाहीं. विवाहाचा लाभ एकट्या वराच्या उत्पन्नावरून ठरवूं नये इतकें शहाणपण आपल्या घरांतील वडील माणसांनाही असतें.

आणि ज्याचें नांव दोन्ही पानांवर कोठेंच नव्हतें असा एक तिसरा मनुष्य आहे: तो शिक्षक. या दोन्ही प्रयोगांत खरा सेतु तोच होता. मुलांना काय कळतें आणि काय कळत नाहीं हें ज्ञान विद्यापीठाजवळ नव्हतें. तें त्याच्याजवळ होतें, आणि तें कोणत्याही प्रबंधांत लिहिलेलें नव्हतें. होशंगाबादेंत त्याला प्रथमच कोणी विचारलें कीं, गुरुजी, हा प्रयोग तुमच्या वर्गांत चालला काय? ज्याला आजवर परिपत्रकेंच मिळालीं त्याला हा प्रश्न म्हणजे केवढा मान होता! कार्यक्रम बंद झाला तेव्हां पुस्तकें बदलणें सोपें होतें. पण तीस वर्षांत जे मास्तर विचारूं आणि विचारवूं लागले होते, त्यांच्या हातांत पुन्हां उत्तरांचें पुस्तक देतांना काय मोडलें, तें मोजण्याचें माप आमच्याजवळ नाहीं.

सर्वच वाया गेलें असें मात्र नव्हे. एकलव्यचें काम चालू राहिलें. तिच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकापासून स्फूर्ति घेऊन पुण्यांत ‘शैक्षणिक संदर्भ’ हें मराठी द्वैमासिक निघालें, आणि होशंगाबादच्या पद्धतीचा गंध कांहीं मराठी घरांपर्यंत पोहोंचला. परंतु नियतकालिक वाचणें निराळें आणि वर्गांत शिक्षकाच्या बाजूस उभें राहणें निराळें.

आमच्या महाविद्यालयाच्या कुंपणापलीकडे एक शाळा आहे. मधल्या सुटीचा गलका आमच्या व्याख्यानांत रोज मिसळतो, आणि तीस वर्षांत आम्हीं त्याबद्दल खिडकी लावून घेण्यापलीकडे कांहीं केलेलें नाहीं. सरकारनें फेलोशिप दिली नाहीं ही सबब खरी आहे. पण कुंपणाचें फाटक ओलांडावयास फेलोशिप लागत नाहीं. येत्या जूनमध्यें नेहमींची तक्रार ओठांवर येण्यापूर्वीं एखाद्या दिवशीं तेथें जावें, मागच्या बांकावर बसावें, आणि तास संपल्यावर गुरुजींना विचारावें कीं, हल्लीं मुलें तुम्हांला काय विचारतात? कदाचित् ते म्हणतील, कांहीं विचारीत नाहींत. तसें असेल तर दोघांनीं मिळून विचार करावयास तेवढा एकच प्रश्न पुष्कळ दिवस पुरेल.